बीसीए अर्ध्यात सोडून क्लाउडचा कोर्स? बहिणीसाठी सल्ला हवाय

यावल_केळीबाग

नमस्कार मंडळी. घरचाच प्रश्न आहे, मोकळेपणाने मांडतो.

माझी धाकटी बहीण जळगावला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहे. पोरगी हुशार आहे, पहिल्या वर्षाला चांगले मार्क पडले. पण दिवाळीला घरी आली तेव्हापासून तिचं एकच चाललंय, डिग्रीत वेळ वाया जातोय, मला पुण्याला क्लाउड (म्हणजे म्हणे इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे कॉम्प्युटर) आणि सायबर सिक्युरिटीचा कोर्स करायचाय. सहा महिन्यांचा कोर्स, फी एक लाख चाळीस हजार, चार सर्टिफिकेटं आणि शंभर टक्के प्लेसमेंट असं क्लासवाले सांगतात. तिची एक मैत्रीण आधीच तिकडे गेलीय.

मी बी.ए. करून शेती बघतो. सहा एकर जमीन, त्यातली चार एकर केळी. गेल्या हंगामात सीएमव्ही हा विषाणूरोग आला आणि निम्म्या बागेतली रोपं उपटून बांधावर टाकावी लागली. त्यामुळे एवढी रक्कम आमच्यासाठी लहान नाही. आबा म्हणतात, पोरीचं मन आहे तर कर्ज काढू. आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. मला आयटीतलं काही कळत नाही, आणि कळत नसताना तिला नाही म्हणणं मला बरं वाटत नाही. उद्या तीच खरी निघाली तर?

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगा. डिग्री सोडावी का, सोडली तर पुढे अडतं का, आणि सर्टिफिकेटला खरंच एवढी किंमत आहे का?

---

तोरणमाळ

दादा, मी शहादा तालुक्यातला. बारावीनंतर एक वर्ष कॉलेज केलं आणि सोडलं. सात वर्षं झाली, घरी बसून वेबसाइटची कामं करतो. सुरुवातीची दोन वर्षं फार वाईट गेली, पण आज माझ्या वर्गातल्या इंजिनिअर पोरांपेक्षा माझं बरं चाललंय. एकाही क्लायंटने आजवर डिग्री विचारलेली नाही. आधी केलेलं काम दाखव म्हणतात. सर्टिफिकेटही कुणी विचारत नाही.

म्हणून तुमच्या बहिणीचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. तिला जे शिकायचंय त्याची आग आहे, ती विझवू नका एवढंच.

---

पांझराकाठ

यावल भाऊ, तुमची बहीण आज जिथे उभी आहे तिथेच मी २०१२ साली उभा होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

धुळ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वर्गात फळ्यावर नेटवर्क कसं चालतं ते सांगणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर लिहून घ्यायचो आणि दोन नेटवर्क जोडणारी राउटर नावाची वस्तू कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मलाही वाटलं, इथे काही खरं नाही. कॉलेज सोडलं, पुण्यात नेटवर्किंगचा क्लास लावला आणि २०१३ मध्ये सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा पास झालो. तीन महिन्यांत एका कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये लागलो. आठ हजार पगार, कायम रात्रपाळी, कॉन्ट्रॅक्टवर. कॉट बेसिसवर राहायचो, एका खोलीत पाच जण. तरी खूश होतो, कारण काम आवडत होतं. रात्री दोनला कुठल्या तरी शाखेची लिंक तुटायची, फोन यायचा आणि पंधरा मिनिटांत मी सांगायचो की केबल गेलीय की पोर्ट. कामात मी कुठेच कमी पडलो नाही.

२०१६ मध्ये माझ्या सीसीएनएची मुदत संपली. ती तीन वर्षांची असते आणि मी नूतनीकरण केलं नव्हतं. रोजच्या रोज तेच काम करतोय, मग कागद कशाला, असं वाटलं. पुढच्या वर्षी कंपनीने कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना कायम करायला घेतलं. यादीत माझं नाव होतं. एचआरच्या टेबलासमोर बसलो तर त्यांनी एकच कागद मागितला, पदवी प्रमाणपत्र. माझ्याकडे बारावीची मार्कशीट होती आणि मुदत संपलेलं सर्टिफिकेट. ज्या दोन पोरांना मी स्वतः शेजारी बसवून स्विच (एका नेटवर्कमधले कॉम्प्युटर जोडणारी पेटी) कॉन्फिगर करायला शिकवलं होतं, ते दोघे कायम झाले. मी कॉन्ट्रॅक्टवरच राहिलो.

त्या शनिवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने गावी निघालो. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरेपर्यंत डोक्यात तोच टेबल होता. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

२०१८ मध्ये इग्नूच्या बीसीएला प्रवेश घेतला. रात्रपाळी करून सकाळी अभ्यास, रविवारी असाइनमेंट. २०२१ ला पदवी हातात आली. जे काम विशीत आईच्या हातचं जेवून करता आलं असतं, ते तिशी जवळ आल्यावर डबा खाऊन केलं. पदवी आली आणि सहा महिन्यांत कायम नोकरी लागली, दुसऱ्या कंपनीत. काम तेच होतं, मीही तोच होतो.

तोरणमाळ भाऊंचं म्हणणं त्यांच्या धंद्यात अगदी खरं आहे. फ्रीलान्सिंगला डिग्री लागत नाही. पण तुमच्या बहिणीला क्लाउड आणि सिक्युरिटीत जायचंय. तिथे बँकेची, दवाखान्याची, मोठ्या कंपनीची यंत्रणा तुमच्या हातात देतात. ते घरी बसलेल्या अनोळखी माणसाला सहसा मिळत नाही, कंपनीत शिरावं लागतं. आणि कंपनीत शिरताना बहुतेक ठिकाणी अर्जातच पदवीचा रकाना असतो. तो रिकामा ठेवला की अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही.

माझं स्पष्ट मत, दुसरं वर्ष निम्मं झालंय, दीड वर्ष राहिलंय. ते पूर्ण करू द्या. आणि त्याच दीड वर्षात एक सर्टिफिकेट, फक्त एक, नीट हाताने शिकून करू द्या.

---

यावल_केळीबाग

पांझराकाठ दादा, तुमचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिलो. हे आज रात्री तिला वाचायला देतो. पण एक सांगा, ती म्हणते कॉलेजात जुनं शिकवतात. ते खोटं आहे का?

---

वाघूर

ते खोटं नाही, दादा. मी इंजिनिअरिंग केलंय, फर्स्ट क्लास. चार वर्षांनी पुण्यात पहिल्या मुलाखतीला गेले. समोरच्यांनी लॅपटॉप फिरवून माझ्यासमोर ठेवला. काळी स्क्रीन, त्यावर फाइलींची यादी. म्हणाले, या ओळीच्या सुरुवातीला डी आहे आणि त्या ओळीच्या सुरुवातीला नुसती आडवी रेघ आहे, फरक काय? मला सांगता आलं नाही. डी म्हणजे डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, आणि रेघ म्हणजे साधी फाइल. लिनक्स या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या दिवसाची गोष्ट. चार वर्षांत लिनक्सवर एक पेपर लिहिला होता, पण मशीनवर कधी बसवलं नव्हतं. परत जळगावला येताना आईबाबांना काय सांगू हेच कळत नव्हतं.

मग वर्षभर घरी बसून लिनक्स शिकले. जुना लॅपटॉप, त्यात व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर), लाइट गेली की बॅटरी तासभर टिकायची. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीची आरएचसीएसए ही परीक्षा दिली. तिच्यात पर्याय निवडायचे प्रश्न नसतात. खरं मशीन समोर असतं आणि कामं करून दाखवायची असतात. यूजर तयार करा, डिस्कचा भाग पाडा, सेवा सुरू करा. आणि केलेलं सगळं मशीन रीबूट झाल्यावरही टिकलं पाहिजे, तरच मार्क. सरावात माझ्या एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात असतं) एक अक्षर चुकलं आणि मशीन सुरूच होईना. दोन दिवस रडकुंडीला आले. रेस्क्यू मोडमधून ती ओळ दुरुस्त केली तेव्हा जे समजलं ते मला कुठल्याच पेपराने शिकवलं नव्हतं.

नोकरी मला त्या परीक्षेमुळे लागली. पण मुलाखतीपर्यंत पोचले ती पदवीमुळे. तिथे दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींना साठ टक्क्यांची अट होती. दोन्ही खरं आहे.

ताईला सांगा, कॉलेज जुनं शिकवतं म्हणून कॉलेज सोडू नको. नवीन संध्याकाळी शीक.

---

गिरणाथडी

मी मूळ भडगावकडची, सध्या खराडीत. आमच्या टीमसाठी नवीन पोरं निवडायचं काम गेली सहा वर्षं करतेय. टेबलाच्या या बाजूचं सांगते.

आधी एक मोठा गोंधळ दूर करू. "सर्टिफिकेट" म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, क्लासने स्वतः छापलेलं. "अमुकने आमचा कोर्स पूर्ण केला." त्याला आमच्याकडे काही वजन नाही. दुसरं, ज्या कंपनीचं तंत्रज्ञान आहे तिने किंवा एखाद्या स्वतंत्र संस्थेने ठरलेली परीक्षा घेऊन दिलेलं. सिस्कोचं सीसीएनए, ॲमेझॉनचं सोल्युशन्स आर्किटेक्ट, मायक्रोसॉफ्टचं एझेड-१०४, कॉम्प्टियाचं सिक्युरिटी प्लस. ते ऑनलाइन लिंकवर पडताळता येतं. यावल दादा, ती चार सर्टिफिकेटं यातली कुठली आहेत आणि परीक्षेची फी त्या एक लाख चाळीस हजारांत आहे का, हे आधी विचारा. सीसीएनएची फी ३०० डॉलर आहे, कर धरून पंचवीस हजारांच्या वर जाते. ॲमेझॉनची सुरुवातीची परीक्षा १०० डॉलर, त्याच्या वरची असोसिएट १५० डॉलर. एक पास झालं की पुढच्या परीक्षेला निम्म्या फीची सवलत मिळते.

सगळी कागदं सारखी टिकतही नाहीत. सीसीएनए आणि ॲमेझॉनचं तीन वर्षं. मायक्रोसॉफ्टचं असोसिएट दर्जाचं एकच वर्ष, पण नूतनीकरण घरबसल्या आणि फुकट होतं. कुबर्नेटीस या सर्व्हरवरचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं सीकेए आता दोन वर्षं. पदवीला मुदत नसते. म्हणून चार सर्टिफिकेटं एकदम घेणाऱ्या पोराला माझा पहिला प्रश्न असतो की ही सगळी तू जिवंत कशी ठेवणार?

आता जे सांगतेय ते मनापासून सांगतेय, कारण दरवर्षी आपल्या भागातली पोरं यात अडकलेली बघते. बाजारात परीक्षेचे फुटलेले प्रश्नसंच मिळतात, त्यांना डंप म्हणतात. काही क्लास तेच पाठ करून घेतात. पोरगं पास होतं आणि माझ्यासमोर येतं. मागे एक मुलगा आला होता, क्लाउडची चार सर्टिफिकेटं. मी विचारलं, प्रायव्हेट सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या बंद भागात, एक सर्व्हर आहे, बाहेरून त्याच्यापर्यंत कुणी पोचू नये, पण त्याला स्वतःला इंटरनेटवरून अपडेट घ्यायचेत, कसं करशील? सबनेटची व्याख्या त्याने घडाघडा म्हटली. नॅट गेटवे, म्हणजे आतून बाहेर जाऊ देणारं पण बाहेरून आत न येऊ देणारं दार, हा शब्द काही केल्या आला नाही. ज्याने एकदा तरी हाताने ते उभं केलंय त्याला हे विसरताच येत नाही. त्याच्या वडिलांनी शेत तारण ठेवलं होतं, हे त्याने जाता जाता सांगितलं. मला त्याला घेता आलं नाही. तो अजून डोळ्यांसमोर आहे.

ताईला सायबर सिक्युरिटीत पुढे जायचं असेल तर आणखी एक. त्या क्षेत्रात मोठी मानली जाणारी सीआयएसएसपी ही परीक्षा आहे. तिला पाच वर्षांचा अनुभव लागतो आणि कॉम्प्युटर क्षेत्रातली पदवी असेल तर त्यात एक वर्षाची सूट मिळते. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पीएमपीला चार वर्षांची पदवी असलेल्याला ३६ महिन्यांचा अनुभव पुरतो, नुसत्या बारावीवाल्याला ६० महिने लागतात. म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थासुद्धा पदवी मोजतात.

---

अंमळनेर_बापू

कर्जाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या पुतण्याच्या वेळी असंच झालं. क्लासवाले म्हणाले, बापू, एकदम भरायची गरज नाही, बिनव्याजी हप्ते करून देतो. पोराचं आधार, पॅन घेतलं, मोबाइलवर ओटीपी आला, पोराने सांगितला. आम्हाला वाटलं क्लासचे हप्ते आहेत. ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं, पोराच्या नावावर. दोन महिन्यांत क्लास पटला नाही म्हणून पोराने सोडला. क्लासला त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेले होते. हप्ते वर्षभर आम्ही भरले, आणि मधले दोन चुकले त्यामुळे पोराचा सिबिल खराब झाला. नंतर त्याच्या गाडीच्या कर्जाला तेच आडवं आलं.

कॉलेजची डिग्री असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून शिष्यवृत्ती आहे, बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, शिक्षण सुरू असेपर्यंत हप्त्याला सवड आहे. क्लासला यातलं काही नाही. सही करण्याआधी कागदावर कर्ज देणाऱ्याचं नाव काय आहे तेवढं वाचा, दादा.

---

कॉलेजकट्टा_भुसावळ

मी शिकवतो, त्यामुळे कॉलेजवरची टीका मान्य करूनच लिहितो. अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो आणि प्रयोगशाळा सगळीकडे चांगल्या नाहीत. पण पालकांना काही वाटा माहीत नसतात.

पहिली गोष्ट, बहिणीला अगदीच राहवत नसेल तरी नुसतं "सोडणं" हा एकच मार्ग नाही. नवीन शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स अशी बाहेर पडायची सोय आहे. मिळवलेले क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा राहतात. सत्राच्या मध्येच निघून गेली तर त्या सत्राचं हाती काहीच लागत नाही. त्यामुळे जायचंच असेल तर निदान दुसरं वर्ष संपवून.

दुसरी गोष्ट, स्वयम पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे कोर्स फुकट आहेत. फक्त परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये. क्लाउड कॉम्प्युटिंग, नेटवर्क, क्रिप्टोग्राफी, सगळं आहे. यूजीसीच्या नियमाप्रमाणे विद्यापीठ ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयममधून घेऊ देऊ शकतं. आमच्याकडे तालुक्याच्या गावांतून येणारी मुलं-मुली हे कोर्स मोबाइलवर बघतात आणि प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. ते प्रश्न सोडवताना मीही शिकतो.

आणि पुढचा विचार. बीसीएनंतर एमसीए आहे, २०२० पासून ते दोन वर्षांचं झालंय, सीईटी देऊन प्रवेश मिळतो. सरकारी बँकांत आयटी ऑफिसरची जागा निघते, त्याला चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी किंवा एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी लागते, नाहीतर पदवीसोबत डोएक या सरकारी संस्थेची बी लेव्हल ही कॉम्प्युटरची परीक्षा. तिथे सीसीएनए किंवा ॲमेझॉनच्या सर्टिफिकेटवर अर्जही भरता येत नाही. आज तिला बँकेची नोकरी नको असेल. पंचविसाव्या वर्षी हवीशी वाटली तर वाट उघडी असावी.

---

तोरणमाळ

वाटा उघड्या असाव्यात हे पटतं. पण सर, कितीतरी पोरांचं आयुष्य त्या "असू द्या, कधी लागेल" मध्येच जातं. बी.ए., मग एम.ए., मग बी.एड., मग वाट बघणं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात घरोघरी हे आहे. पदवीने नोकरी मिळते ही आशा दाखवून कुणी आयुष्याची दहा वर्षं घेऊ नये, माझा राग त्याच्यावर आहे.

---

पांझराकाठ

तोरणमाळ भाऊ, यात तुमच्याशी माझं भांडणच नाही. पदवीने नोकरी मिळते असं मी म्हणत नाही, मी तर नोकरी पदवीशिवायच मिळवली होती. पदवी नसल्याने पुढचं पाऊल अडतं, एवढंच माझं म्हणणं. म्हणूनच ती स्वस्तात आणि वेळेत उरकावी, पदवीकडून तिच्या ताकदीबाहेरची अपेक्षा ठेवू नये, आणि हात मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लावावेत.

---

राइनकाठी_खान्देशी

परदेशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी मूळ पाचोऱ्याचा, जर्मनीत आहे. इथे नोव्हेंबर २०२३ पासून आयटीतल्या लोकांना पदवी नसली तरी ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा अनुभव आणि ठरावीक पगाराची नोकरी हातात पाहिजे. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला मात्र पदवी किंवा तिच्या बरोबरीचं लागतं, आणि ती बरोबरी अनुभवातून दाखवायची तर शिक्षणाच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं असा हिशेब धरतात. माझा रूममेट पदवी नसलेला, कामात माझ्यापेक्षा सरस. त्याची इथली वाट मोकळी झाली, पण त्यासाठी त्याला नियम बदलायची वाट बघावी लागली.

---

यावल_केळीबाग

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. केळीची कटाई होती, ट्रक भरून गेला आणि मग निवांत बसलो.

गिरणाथडी ताईंनी सांगितल्याप्रमाणे क्लासला फोन केला, स्पीकर लावून, बहीण शेजारी बसलेली. विचारलं, परीक्षेची फी यात आहे का? नाही, ती वेगळी. चार सर्टिफिकेटं कुणाची? दोन त्यांची स्वतःची, दोन कंपन्यांच्या परीक्षांची फक्त तयारी. शंभर टक्के प्लेसमेंट लेखी द्याल का? म्हणाले, आम्ही "सहाय्य" देतो, गॅरंटी असं कुठे लिहीत नाही. हप्त्याचं विचारलं तर फायनान्स कंपनीचंच कर्ज निघालं, बापूंनी सांगितलं तसंच. बहीण मध्ये काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर तिने मैत्रिणीला लावला. मैत्रीण म्हणाली, बॅचमध्ये साठ जण आहेत, लॅब आठवड्यातून एकदा.

मग ती अंगणात गेली आणि बराच वेळ एकटीच बसली. मला वाईट वाटलं. तिच्या मनात काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि ते मी मोडलं असं वाटलं. रात्री आबा तिला म्हणाले, तुन्हा मनमा जे शे ते शिक, पण कॉलेज सोडू नको. पस्तीस हजार मी देतो, परीक्षेला आणि जुन्या लॅपटॉपच्या रॅमला. ती हो म्हणाली. बीसीए पूर्ण करणार आणि सीसीएनएची तयारी घरूनच. हे तिचं तिने ठरवलं, पांझराकाठ दादांची पोस्ट तिसऱ्यांदा वाचून.

यापुढे या खात्यावरून तीच लिहील. मला त्यातलं कळणार नाही.

---

यावल_केळीबाग

नमस्कार, मी बहीण. सगळ्यांची उत्तरं वाचली. वाघूर ताई, तुमची एफएसटॅबची गोष्ट वाचून धीर आला, कारण माझं पहिल्याच आठवड्यात अडलंय.

सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडून पॅकेट ट्रेसर (स्क्रीनवरच नेटवर्क जोडून बघायचा प्रोग्राम) घेतलं, फुकट मिळालं. एक स्विच ठेवला, त्याला दोन पीसी जोडले. पहिल्याला पत्ता दिला १९२.१६८.१०.२०, दुसऱ्याला १९२.१६८.१०.७०, दोन्हींना मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा) /२६. केबलचे दिवे हिरवे आहेत. पण पिंग केलं, म्हणजे एका पीसीवरून दुसऱ्याला हाक मारली, तर चारही वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट. दोन्ही पत्ते एकाच नेटवर्कमधले दिसतात, मग जात का नाही? दोन रात्री गेल्या.

---

पांझराकाठ

ताई, एकाच नेटवर्कमधले दिसतात, पण नाहीत. /२६ म्हणजे पत्त्यांचा वाफा ६४ चा. पहिला वाफा ० ते ६३, दुसरा ६४ ते १२७, मग १२८ आणि १९२ पासून पुढचे दोन. प्रत्येक वाफ्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून वापरायला ६२ उरतात. आता तुझा २० कुठल्या वाफ्यात आणि ७० कुठल्या, बघ. केळीला पाणी देताना एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात न्यायला बांध फोडून दार करावं लागतं ना? इथे ते दार म्हणजे राउटर.

एक राउटर आणि आणखी एक स्विच ठेव. दुसरा पीसी त्या स्विचला जोड. राउटरच्या एका पोर्टला .१ दे, दुसऱ्याला .६५. दोन्ही पोर्टवर नो शटडाउन ही चालू करायची कमांड द्यायला विसरू नकोस, राउटरचे पोर्ट सुरुवातीला बंदच असतात. आणि दोन्ही पीसींना आपापल्या बाजूचा गेटवे, म्हणजे त्या बाजूच्या राउटर पोर्टचा पत्ता, भर. उत्तर मी सांगितलं तरी हाताने तूच कर.

---

यावल_केळीबाग

झालं!! आधी एका बाजूचे दिवे लालच होते, नो शटडाउन एकाच पोर्टवर दिलं होतं. दुसऱ्यावर दिलं आणि हिरवे झाले. मग पिंग केलं, पहिलं टाइम्ड आउट आणि बाकीचे तीन रिप्लाय आले. आई झोपली होती, तिला उठवून दाखवलं.

पण दादा, पहिलं का नाही आलं? परत केलं तर चारही आले.

---

पांझराकाठ

छान प्रश्न. पहिल्या वेळी पलीकडच्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) कुणालाच माहीत नसतो. आधी तो विचारावा लागतो, त्याला एआरपी म्हणतात, आणि तेवढ्यात पहिल्या पॅकेटची वेळ संपते. दुसऱ्या वेळी पत्ता आधीच नोंदलेला असतो.

आता पीसीच्या कमांड प्रॉम्प्टवर एआरपी, मग स्पेस देऊन आडवी रेघ आणि ए असं टाइप कर आणि काय दिसतं ते इथे लिही. तुझ्या यादीत दुसऱ्या पीसीचा मॅक नसेल, राउटरचा असेल. तो का, ते मला तू सांगायचंस.